काळ्या लोकरीवरचा लाल

मी रंगांच्या कारखान्यात नोकरी करत होते आणि दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती मात्र पांढऱ्या होत्या. घरी येणारा प्रत्येक जण यावर काहीतरी बोलायचाच. घर सोडताना भिंती होत्या तशा परत करायच्या, अशी घरमालकाची अट होती. त्यामुळे त्या इमारतीत कुणीच भिंतींच्या वाटेला जात नसे. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. दिवसभर रंग बघून आलेल्या डोळ्यांना पांढरं बरं वाटायचं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. ह्यांना दुबईत शिपिंग कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इकडे आलो. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेलं होतं, पुण्यात चार वर्षं एका रंगकारखान्याच्या लॅबमध्ये काढली होती. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला जबल अलीतल्या एका पेंट कंपनीत काम मिळालं. कंपनीची बस सकाळी सहाला नाक्यावर यायची. लॅबमध्ये आम्ही नऊ जण होतो. आठ पुरुष आणि मी.

माझं काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा, टाइल, कधी गाडीच्या दाराची पट्टी पाठवायचं आणि म्हणायचं, असाच रंग द्या. तुकडा मशिनखाली धरायचा, मशिन आकडे द्यायचं, त्या आकड्यांवरून कुठलं रंगद्रव्य किती टाकायचं ते ठरायचं. मला त्या मशिनचा फार अभिमान होता. मी म्हणायचे, माणसाचा डोळा थकतो, फसतो; मशिन फसत नाही.

लाल मात्र आम्हाला सगळ्यांनाच छळायचा. गडद लाल तर फारच. तो दिसतो भारदस्त, पण त्याच्या अंगात झाकण्याची ताकद नसते. पांढऱ्या भिंतीवर एक हात मारला तर गुलाबी दिसतो, दुसऱ्याला टोमॅटोसारखा, तिसऱ्यालाही ब्रशचे पट्टे दिसतच राहतात. तक्रार आली की आम्ही एकच उत्तर द्यायचो, अजून एक हात द्या. पाचव्या हातानंतर बहुतेक गिऱ्हाइकं गप्प बसायची.

अल ऐन शहरातल्या एका घरातून अशीच तक्रार आली. तिथल्या स्थानिक कुटुंबातल्या आजींना त्यांची बसायची खोली गडद लाल हवी होती. आमच्या कार्डावरचे दोन लाल त्यांनी लावून बघितले आणि दोन्ही नाकारले. आता त्यांचं म्हणणं होतं, की कंपनीचं माणूस घरी पाठवा, आणि खोली घरातल्या बायकांची आहे तेव्हा बाईच पाठवा. आमच्या साहेबांनी लॅबमधून एकवार नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. दुसरीकडे थांबायला जागाच नव्हती.

मी गेले ती कंपनीच्या पिकअपमधून. गाडी चालवायला आणि काम बघायला आमचा सगळ्यात जुना रंगारी होता, पेशावरकडचा पठाण. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो मला बाजी म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण, खरं तर तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा असेल. वाटेत वाळू हळूहळू पिवळ्याची तांबूस होत गेली. उस्ताद म्हणाला, "बाजी, लाल रंग मांगनेवाला दो किसम का होता है. एक नया अमीर, एक पागल." मी हसले. मलाही साधारण तसंच वाटत होतं.

घर खजुरांच्या बागेला लागून होतं. उस्ताद बाहेर ड्रायव्हरांच्या ओसरीवर बसला आणि मला एक मुलगी आत घेऊन गेली. ती आजींची नात, तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि इंग्रजी छान बोलायची. घरात काम करणाऱ्या बाया आजींना 'मामा' म्हणत. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे पहिल्यांदा माझी जीभ अडखळली. पण मग मीही मामाच म्हणायला लागले.

खोली लांबलचक होती. खाली गालिचा, भिंतींना लागून गाद्या आणि लोड. तीन भिंती पांढऱ्या आणि चौथीवर दोन लालांचे दोन मोठे चौकोन, ओबडधोबड. मामा समोरच्या भिंतीशी बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील, अंगाने बारीक, बोटांची टोकं मेंदीने रंगलेली. मी सलाम केला आणि त्यांच्यापासून चार हातांवर बसले. त्या माझ्या उजव्या बाजूला कुठेतरी बघत होत्या.

"किधर बैठा?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मी म्हटलं, "मामा, आपके सामने."

"बोलो फिर. आवाज करो."

मी बोलत राहिले आणि त्यांची मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळत आली. मी त्या दिवशी फिकट क्रीम रंगाचा सलवार-कमीज घातला होता. नातीने मला हलकेच उठवलं आणि त्या लाल चौकोनांपुढे नेऊन उभं केलं. मामांचा चेहरा बदलला.

"अब आया," त्या म्हणाल्या. "अब औरत आया."

नातीने मग सगळं सांगितलं. मामांचा एक डोळा फार वर्षांपूर्वीच गेला होता, दुसऱ्यातलं दिसणं कमी कमी होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं येणार नाही. मामांना आकार दिसत, तेही मागच्यापेक्षा वेगळे असतील तर. या घरातले पुरुष सगळे पांढऱ्या कंदूऱ्यात, म्हणजे पायघोळ अंगरख्यात. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, खिडकीतून येणारं ऊन पांढरं.

"माझे वडील, काका येतात, तिच्याजवळ बसतात," नात म्हणाली. "ती म्हणते, दोन वर्षं झाली, माझ्याशी भिंती बोलतात."

मी हातातलं शेडकार्ड मिटलं. नवा श्रीमंत किंवा वेडा, या दोन्हींतलं काही इथे नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तरी माझ्यातली लॅबवाली गप्प बसेना. मी विचारलं, "मग लालच का? गडद निळा चालेल, हिरवा चालेल. ते झाकतातही चांगले."

मामांनी मान हलवली. निळ्यावर माणूस थंड दिसतो, म्हणाल्या. हिरव्यावर आजारी. "लाल पे आदमी जिंदा दिखता."

पुढे अनेक वर्षं मी लोकांना रंग सुचवत आले आहे. एवढं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

कार्डावरचे लाल का नको, हेही त्यांनी सांगितलं. ते ओरडतात, म्हणाल्या. त्यांच्यापुढे माणूस बसला की रंगच आधी दिसतो. त्यांना हवा होता तो लाल गप्प बसणारा होता. नातीला त्यांनी काही आणायला सांगितलं. ती एक विणलेली पट्टी घेऊन आली, वीतभर रुंद आणि बरीच लांब, उंटाच्या खोगिरावर टाकायची. ती मामांनी लग्नाआधी स्वतः विणली होती. तेव्हा त्यांचं कुटुंब तंबूत राहायचं, घर वगैरे नव्हतं. पट्टीत काळा, पांढरा आणि लाल. लाल वरून विटला होता. मामांनी पट्टी उलटी केली, शिवण होती तिथे बोटाने चाचपत गेल्या आणि आतली घडी उकलून माझ्यापुढे धरली.

आत तो होता. पिकल्या डाळिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूचा नाही, रक्ताचाही नाही, त्याहून खोल. बघणाऱ्याकडे तो धावून येत नव्हता. बघणाऱ्यालाच त्याच्याकडे जावं लागत होतं. मी लॅबमध्ये हजारो लाल बघितले होते. हा मला ओळखता आला नाही.

"पट्टी चार दिवसांसाठी न्यायला मिळेल का?" मी नातीला विचारलं. मामांना ते कळलं. त्यांनी पट्टी मांडीखाली सरकवली. मग बराच वेळ विचार करून पुन्हा काढली, नखाने घडीतला एक धागा सोडवला, दातांनी तोडला आणि माझ्या करंगळीला गुंडाळला.

निघताना त्यांनी विचारलं, मी कुठली. पुण्याची म्हटल्यावर त्यांना काही कळलं नाही. मुंबईजवळ, म्हटलं. तेव्हा त्या सरळ बसल्या, हनुवटी वर केली आणि स्पष्ट मराठीत म्हणाल्या, "वर बघा. खाली बघा. डोळे मिटा."

पहिला डोळा दुखू लागला तेव्हा त्यांच्या नवऱ्याने त्यांना उपचारासाठी मुंबईला नेलं होतं. तिथे त्या सहा महिने राहिल्या. हिंदी तिथलंच. आणि रोज सकाळी डोळ्यांत औषध घालायला येणारी नर्स हीच तीन वाक्यं म्हणायची. चाळीसेक वर्षांनी ती या खजुरांच्या बागेत जशीच्या तशी माझ्या कानावर आली. मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते बहुधा दिसलं नाही, पण माझा हात पावलांना लागला तेव्हा त्यांनी तो धरून ठेवला.

एवढासा धागा मशिनला पुरेना. मशिनच्या खिडकीएवढा तरी तुकडा लागतो. मी धागा कार्डावर गुंडाळून बघितला, तर मशिनने दर वेळी वेगळे आकडे दिले. साहेब म्हणाले, "खलास, जवळात जवळचा शेड पाठवून दे." मी म्हटलं, मला आठ दिवस द्या. माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण मी वाद घालणारी बाई नव्हते.

मग मी डोळ्यांनी जुळवायला बसले. पुण्यात माझ्या पहिल्या साहेबांनी हे शिकवलं होतं आणि मी ते विसरायच्या बेतात होते. लाल घ्यायचा, त्यात थेंबभर जांभळा, सुईच्या टोकावर येईल एवढा काळा. कार्डावर ओढायचं, वाळू द्यायचं, धागा शेजारी धरायचा. खिडकीच्या उजेडात जुळलेला ट्यूबलाइटखाली फुटायचा, वेगळाच दिसायचा. काळा जरा जास्त झाला की रंग मरायचा, कमी झाला की ओरडायचा. जुळलेले वाटले ते मी घरी आणून हॉलच्या भिंतीवर चिकटवू लागले, सकाळ-संध्याकाळ बघता यावेत म्हणून.

मुलगी म्हणाली, "आई, दे ऑल लुक द सेम."

ह्यांनी चष्मा लावून बघितलं. "मला तर चौथा आणि सहावा एकच वाटतायत," ते म्हणाले. थोड्या वेळाने जेवता जेवता परत म्हणाले, "चौथा जरा उदास आहे का?"

मला बरं वाटलं. घरात आणखी एका माणसाला तो रंग दिसायला लागला होता.

आठ दिवसांनी सात मोठे बोर्ड रंगवून आम्ही पुन्हा गेलो. मामांच्या मोठ्या मुलाला त्यांनी बोलावून घेतलं होतं. पन्नाशीचा, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. तो निमूटपणे एकेका बोर्डापुढे उभा राहत होता आणि मामा मान तिरकी करून, जरा दिसणारा डोळा पुढे आणून बघत होत्या. तिसरा त्यांना पसंत पडला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, मगरिबपर्यंत, सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत थांब. मुलं नमाज पढून येतात ती तेव्हा. तेव्हाचं बघू.

आम्ही थांबलो. ऊन कलत गेलं, खोलीत दिवे लागले, आणि तिसरा बोर्ड माझ्या डोळ्यांदेखत विटकरी झाला. मामा तोंड वळवून बसल्या. बाकीचे सहाही मग एकामागोमाग गेले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांत मी याहून चांगलं काही करू शकले नव्हते आणि पुढच्या आठ दिवसांत करू शकेन असंही वाटत नव्हतं. मी नातीला म्हटलं, आजींना सांग, माझ्याकडे जे होतं ते सगळं मी यात घातलंय.

नातीने सांगितलं. मामांनी मला जवळ बसायची खूण केली. बोर्ड हातात घेतला, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, उलटा केला, मागची पांढरी बाजू डोळ्याजवळ धरली.

"नीचे क्या है?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नीचे सफेद. हमेशा सफेद ही होता है."

त्या हसल्या. मग नातीकडे वळून अरबीत बराच वेळ बोलल्या, आणि नात ते मला इंग्रजीत सांगत गेली. मुलींना लोकर रंगवायला शिकवत तेव्हा सगळ्या मुली पांढरी लोकर मागायच्या, कारण तिच्यावर रंग पटकन चढतो. पण पांढऱ्या लोकरीवरचा लाल पोरकट असतो. मामांच्या आईने त्यांना करड्या-काळ्या मेंढीची लोकर दिली होती, जी कुणी घेत नसे. तिच्यावर लाल चढायला वेळ लागतो, तो दिसतही नाही धड. पण वाळला की आतून दिसतो. "लाल रंगाला उभं राहायला अंधार लागतो," नात म्हणाली, आणि मग जरा थांबून, "मी नीट भाषांतर केलं का मला माहीत नाही."

मी करंगळीवरचा तो धागा कितीदा भिंगाखाली बघितला होता. तो रंगाने गडद आहे असंच मी धरून चालले होते. मूळ लोकरच काळपट असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी लालात काळा मिसळत बसले होते, आणि काळा खाली असायला हवा होता. आज बऱ्याच कंपन्या गडद लालाच्या डब्यावर छापतात, की आधी करड्या रंगाचा हात द्या. तेव्हा आमच्या डब्यावर ते नव्हतं. आणि एम.एस्सी. झालेल्या मला ते अशा बाईने सांगितलं, जी शाळेत गेली नव्हती आणि जिला माझा चेहरा दिसत नव्हता.

परतताना मी उस्तादला म्हटलं, "उस्ताद, लाल के नीचे काला लगाएँगे. भूरा-काला."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "बाजी, मेरा बाप पेटी पे लाल करता था, शादी का पेटी. पहले कोयला और सरेस मारता था. हम समझा, गरीब है, लकड़ी का ऐब छुपाता है." थोडं अंतर गेल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, "ऐब नहीं छुपाता था."

तिसऱ्या खेपेला आम्ही तीन दिवस तिथेच होतो. उस्तादने सोबत दोन माणसं घेतली होती. मला नातीच्या खोलीत झोपायला जागा मिळाली. पहिल्या दिवशी सगळ्या भिंती घासून त्यांवर काळपट करडा हात दिला. तो मी धाग्याचा एक तंतू उकलून, त्यावरचा लाल धुऊन काढून, उरलेल्या लोकरीवरून जुळवला होता. संध्याकाळी खोली गॅरेजसारखी दिसू लागली. मोठा मुलगा दारात येऊन उभा राहिला, भिंतींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आईशी हलक्या आवाजात काही बोलला. मामा एका शब्दात उत्तरल्या. नात मला म्हणाली, "ती म्हणाली, सबर. धीर धर."

दुसऱ्या दिवशी लालाचा पहिला हात दिला. या लालात काळ्याचा थेंबही नव्हता, साधा स्वच्छ लाल. उस्तादने वरून खाली एकच पट्टा ओढला आणि रोलर हातात तसाच धरून मागे सरकला. मीही मागे सरकले. पांढऱ्यावर पाच हातांत जे झालं नसतं ते एका पट्ट्यात झालं होतं. ओला असतानाच रंगाला खोली आली होती, विहिरीत डोकावल्यासारखी. उस्तादची दोन्ही माणसं काम सोडून बघत उभी राहिली. उस्तादने पायातल्या चपला काढून दाराशी ठेवल्या आणि मग पुढचा पट्टा मारला. मी त्याला कारण विचारलं नाही. त्यानंतर त्या खोलीत त्याने अनवाणीच काम केलं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुसरा हात वाळला. दुपारी गालिचा परत अंथरला, गाद्या लावल्या. मी खोलीच्या मधोमध एकटी उभी होते. खोली लहान झाल्यासारखी वाटत होती आणि तरीही भिंती दूर गेल्यासारख्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर पडत होतं आणि परत फेकलं जात नव्हतं. बाहेरचे आवाजही मला कमी झाल्यासारखे वाटले, पण तो माझा भास असेल. माझ्या स्वतःच्या हातांचा रंग मला वेगळा दिसला, उबदार, जणू आत्ताच कुणी हात हातात घेऊन सोडले असावेत. हा रंग मीच बनवला होता, त्याचे ग्रॅम मला तोंडपाठ होते, आणि तरी मी त्याच्यापुढे पाहुणी होते.

मगरिब झाली. दिवे लागले. मी भिंतीकडे बघायचं टाळत होते, पण रंग तसाच राहिला. मामांना नातीने आणून त्यांच्या जागेवर बसवलं. त्यांनी मान फिरवून चारी बाजूंना बघितलं.

मुलं आली. तिघं होते. मी उठून बाहेर जाऊ लागले तर मामांनी मला हाताने खाली बसवलं. तिघं आत येऊन समोरच्या भिंतीशी बसले, आणि मामांना काय दिसलं असेल ते मला त्या क्षणी दिसलं. त्या लालावर तीन पांढऱ्या आकृती अशा उठून आल्या, की जणू त्यांच्या आत दिवे होते. डोक्यावरच्या कापडाची प्रत्येक दुमड दिसत होती, मनगटं दिसत होती, बोलताना हलणाऱ्या हनुवट्या दिसत होत्या.

मामा एकेकाकडे बघत गेल्या. मोठ्याकडे. धाकट्याकडे. मग मधल्याकडे त्यांची नजर थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. त्या काहीतरी म्हणाल्या. एकच वाक्य, हळू आवाजात, थोडं रागावल्यासारखं.

मधला मुलगा खाली बघू लागला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नात माझ्या कानाशी म्हणाली, "ती म्हणाली, तुझी दाढी पांढरी कधी झाली? मला कुणी सांगितलं का नाही?"

तो उठला, आईजवळ गेला आणि तिच्या पुढ्यात बसला. मामांनी त्याच्या दाढीवरून हात फिरवला. पण जवळ आल्यावर तो त्यांना दिसेना, त्याच्यामागे भिंतीऐवजी गालिचा आला असावा, म्हणून त्यांनी त्याला परत भिंतीकडे पाठवलं. जा, तिथे बस, मला बघू दे. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस आज्ञाधारकपणे परत जाऊन भिंतीशी बसला आणि आई बघत राहिली. मी इतक्या वर्षांत रंगाला असं काम करताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

कंपनीत परत आल्यावर मी साहेबांना तो लाल कार्डावर घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, दोन डबे घ्यावे लागणारा शेड कोण विकत घेईल. कार्डावर तो कधीच आला नाही. पण माझ्या वहीत होता, आणि ज्यांना खरंच हवा असेल त्यांना मी तो देत राहिले. पुढच्या वर्षी घरमालकाची अट धाब्यावर बसवून आम्ही आमच्या हॉलची एक भिंत तशी केली. उस्ताद सुट्टीच्या दिवशी येऊन रंगवून गेला आणि चहाखेरीज काही घेतलं नाही. दोन हजार चार साली आम्ही ते घर सोडलं तेव्हा ती पुन्हा पांढरी करायला नऊ हात लागले. आठव्या हातापर्यंत संध्याकाळच्या उजेडात ती किंचित गुलाबी दिसायची. ह्यांनी तिच्याकडे बघत म्हटलं, "जायला तयार नाही बाई."

नातीचा आणि माझा फोन चालू राहिला. तिचं लग्न झालं, दुबई मरीनात नव्याने झालेल्या एका उंच इमारतीत ती राहायला आली. काचेच्या भिंती, समोर पाणी. तिने मला रंग निवडायला बोलावलं आणि सगळं घर पांढरं करून घेतलं. तिचे डोळे चांगले होते.

मामांचं दिसणं त्या खोलीनंतर आणखी तीनेक वर्षं टिकलं. मग तेही गेलं. थोरल्या मुलाने तेव्हा सुचवलं, की आता आईला काही फरक पडत नाही, तर खोली परत उजळ करून घेऊ. मामाही म्हणाल्या, करा, मला काय. मधल्या मुलाने मात्र नकार दिला. हे मला नातीने फोनवर सांगितलं. तो रोज मगरिबनंतर येतो, म्हणाली, आईच्या समोर, त्याच भिंतीशी बसतो. खिडकीजवळचा भाग उन्हाने उतरला तेव्हा त्याने मला निरोप पाठवला, की मूळ रंगाचे दोन्ही डबे पाठवा, खालचा आणि वरचा.

मी दोन्ही स्वतः तयार केले. झाकणांवर शेडचं नाव लिहायची पद्धत होती. वरच्या डब्यावर मी लाल लिहिलं. खालच्यावर काय लिहावं ते कळेना, म्हणून नातीला विचारून अरबीत 'लोकर' असं लिहिलं आणि पिकअपमध्ये चढवले.